लांब बाह्यांचे फ्रॉक

त्या काळी डास कुणाच्या घरात नव्हते? दिवेलागणीला कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायचा, दोन चापट्या मारायच्या, एवढाच काय तो इलाज. पण सत्त्याण्णव साली नरडाण्याजवळच्या एका खेड्यात राहणाऱ्या बेबाबाईला डासाच्या नुसत्या आवाजाने धडकी भरायची. तिच्या अकरा वर्षांच्या पुष्पाला डास चावला, की जागा लिंबाएवढी सुजायची, फोड यायचा, मग काळी पडून चिघळायची. वर चार-चार दिवस फणफणून ताप! जखम भरली तरी खोल वण राहायचा.

सासू झुंबरबाई म्हणे, "डास सगळासले चावतस. हिनं रगत गोड शे!"

बेबाबाईने लेकीला भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे फ्रॉक शिवले. वण दिसले तर लोक महारोग म्हणतील, मग पोरीला पत्करील कोण? शिंदखेड्याच्या डॉक्टरांनाही ती फक्त ताप सांगे. गोळ्या मिळत, मायलेकी परत येत.

दर पंधरवड्याला हिवताप खात्याचे भाईदासभाऊ येत. दाराशेजारी भिंतीवर आखलेल्या चौकोनात तारीख लिहीत, ताप असलेल्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घेत. त्या दिवशी तारीख लिहिता लिहिता ते थांबले.

"वहिनी, पोरीचं पाचदा रक्त नेलं. एकदाही हिवताप निघाला नाही. मग हा ताप कसला?"

"असाच येस, भाऊ."

"असाच तर पाहुणाही येत नाही!" ते हसले. तेवढ्यात पुष्पाने बोट पुढे केलं आणि बाही वर सरकली. भाऊंचं हसू मावळलं. "हे कधीपासून?"

"कोनले सांगू नका, भाऊ. उद्या पोरनं लगीन करनं शे."

"त्यासाठी पोर धड राहायला नको? डॉक्टर काय अंतर्यामी आहे? तुम्ही अर्धं झाकलंत, तर तो उरलेल्या अर्ध्यालाच औषध देणार!"

त्या रात्री बेबाबाईने लेकीच्या हातावरचे वण एकेक करून मोजले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने ती लेकीला घेऊन धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात गेली.

"काय होतंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

'ताप' हा शब्द बेबाबाईच्या ओठांवर आला होता. तो तिने गिळला आणि पुष्पाची बाही खांद्यापर्यंत वर सारली!

डॉक्टरबाईंनी वण पाहिले, काख चाचपली, तिथे एक गाठ हाताला लागली. "आई, हे फार क्वचित दिसतं. मीही नुसतं वाचलंय. काहींच्या रक्तात एक विषाणू वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो. मग डास चावला, की अंग असं पेटून उठतं. त्यातल्या काहींना पुढे गाठींचा कॅन्सर होतो. गाठीचा तुकडा मुंबईला तपासायला पाठवू."

बेबाबाईने लेकीला जवळ ओढलं. "माझ्यामुळे उशीर झाला का हो?"

"झाला. पण आज आलात."

तीन आठवडे तिला अन्न गोड लागलं नाही. मग अहवाल आला. विषाणू होता, कॅन्सर अजून नव्हता. मच्छरदाणी, दर तीन महिन्यांनी तपासणी, गरज पडली तर मुंबईचे उपचार. धोका टळला नव्हता, पण आता त्याच्यावर नजर होती.

नळावर शेजारच्या भिकुबाईने पोरीला काय झालंय म्हणून विचारलं, तेव्हा बेबाबाईने काहीच लपवलं नाही. ऐकता ऐकता भिकुबाईची कळशी भरून वाहू लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"मनी नातना मानले बी गाठ शे वं," ती स्वतःच्या मानेला हात लावत हळूच म्हणाली. "दोन महिना व्हयनात. कोनलेच सांगं नही."

"मग सकायनी गाडीवर चाल! मी येस तुनासंगे."

बायांनो, डास चावला म्हणून घाबरून जाऊ नका. पण चावा जगावेगळा सुजला, चिघळला, ताप घेऊन आला, तर डॉक्टरला सगळं दाखवा, सगळं सांगा. आजार झाकून लेकीची अब्रू राखली जात नाही. तिचा जीव वाचवायचे दिवस तेवढे वाया जातात!