नळाच्या पाण्यावरची आमटी

गोजरबाईला जगात फार थोड्या माणसांबद्दल आदर होता, आणि ती सगळी मरून गेली होती. जिवंत माणसांत तिला एकही धड दिसत नसे. त्यातही सरपंच श्रीमंत म्हणजे निव्वळ भोपळा, असं तिचं मत होतं आणि ते तिने कधी लपवलं नव्हतं. श्रीमंत तिच्या चुलतदिराचा मुलगा. लहानपणी त्याचं नाक तिनेच पुसलं होतं, त्यामुळे त्याच्या कडक इस्त्रीच्या टोपीचा तिच्यावर काही परिणाम होत नसे.

बहात्तरच्या दुष्काळात गावच्या माळावर यंत्राने खोल बोअर पाडली होती. पुढच्या साली पाऊस झाला, मारुतीच्या देवळामागची पायऱ्यांची, गोड्या पाण्याची बारव पुन्हा भरली, तरी श्रीमंतने त्या बोअरवर टाकी बांधून गावात नळ आणलेच. टाकीवर स्वतःच्या नावाची फरशीही बसवून घेतली. नळाचं पाणी दिसायला काचेसारखं, पण कामाला अगदी नाठाळ. साबणाची वडी झिजून पापडाएवढी व्हायची तरी फेस म्हणून येत नसे. नुसता चिकट साका कपड्यांवर बसायचा. धोतरं कळकट झाली, बायकांच्या केसांचा काथ्या झाला, हंड्यांच्या आत पांढरी खपली धरली. आणि डाळ शिजायची नाही म्हणजे नाही. श्रीमंतला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण त्याच्या घरी मळ्यातल्या विहिरीचं पाणी बैलगाडीने येत असे.

मग नगरहून पाण्याचे साहेब आले. लोक बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतात, त्यातून नारूचा रोग पसरतो, तेव्हा बारव दगडमातीने बुजवा, असं त्यांनी सांगितलं. बायका बिथरल्या. पाणी गाळून पिऊ, उकळून पिऊ, पण डाळ कशात शिजवू, असं त्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी आयुष्यात डाळ फक्त ताटात पाहिली असावी. ते श्रीमंतच्या तोंडाकडे बघू लागले. तेव्हा श्रीमंतने पारावर उभं राहून तोड काढली. टाकीच्या उद्घाटनाचं गावजेवण नळाच्याच पाण्यावर करायचं. आमटी शिजली तर बारव बुजवायची, नाही शिजली तर तिला हात लावायचा नाही. साहेबांनी मान डोलावली. आमटी अर्थातच गोजरबाईने करायची, कारण आसपासच्या दहा गावांतल्या लग्नांत चाळीस वर्षं तिचीच आमटी होत आली होती.

गोजरबाई मनातून खूश झाली. तिला मुद्दाम काही करायचंच नव्हतं. तीनशे माणसांना कच्ची डाळ वाढायची, त्या भोपळ्याचं तोंड कसं होतं ते बघायचं आणि घरी यायचं. बारव आपोआप वाचणार होती.

उद्घाटनाच्या दिवशी तिने पहाटेच देवळाशेजारी चुलाण पेटवलं आणि दोन मोठ्या भगुण्यांत तुरीची डाळ टाकली. सून मुक्ता लाकडं सारत होती. ऊन चांगलं वर आलं तरी डाळ भगुण्याच्या तळाशी खड्यांसारखी वाजत होती. गोजरबाई तो आवाज समाधानाने ऐकत बसली होती, तेवढ्यात केशरबाई डोकावली. ज्यांना गोजरबाई मिळत नसे, ते लोक लग्नाला केशरबाईला बोलावत. गोजरबाईच्या मते तिची आमटी म्हणजे गुरांचं आंबोण.

केशरबाईने पळीतला एक दाणा घेतला, बोटांत दाबून पाहिला आणि परत टाकला.

"वय झालं की हात जातो, गोजराक्का," ती म्हणाली. "पान्याला कशाला नावं ठिवायची? माझ्या आईचा बी असाच गेल्ता."

बोलली तीही दयेने. भाकरी थापणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. गोजरबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. फजिती श्रीमंतची होणार एवढंच ती धरून चालली होती. तीनशे माणसं ती फजिती तिच्याही नावावर टाकतील, हे त्या क्षणापर्यंत तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि केशरबाईची दया खाऊन जगण्याएवढी ती अजून पडली नव्हती.

केशरबाई वळताच तिने सुनेला जवळ बोलावलं. भगुण्यांतलं पाणी देवळामागे ओत आणि बारवेतून घागरी भरून आण, असं हळूच सांगितलं. मुक्ता जागची हलेना.

"आत्याबाई, डाळ शिजली तर बारव जाईल की."

"जाऊ दे गेली तर. आधी त्या केशरीच्या तोंडात घास घालते, मग बघू बारवंचं."

पुढचं काम भाषणांनी केलं. भाकरी थापणाऱ्या बायकाही ती ऐकायला गेल्या आणि मुक्ताने बारवेच्या घागरी भगुण्यांत रिकाम्या केल्या. साहेब बोलले, श्रीमंत बोलला, मग श्रीमंतला काही आठवलं म्हणून तो पुन्हा बोलला, आणि तेवढ्या वेळात डाळ लोण्यासारखी विरघळली. गोजरबाईने काळ्या मसाल्याची फोडणी दिली. पंगतीत आमटीला माणसं तुटून पडली. केशरबाईने तीन वाट्या ओरपल्या.

जेवणानंतर श्रीमंतने गोजरबाईला सगळ्यांसमोर लुगडं आणि नारळ दिला. नळाचं पाणी कसं काय वाटलं, असं साहेबांनी विचारलं. खरं सांगायची हीच वेळ होती. तिने तोंड उघडलंही. पण समोरच केशरबाई बोटं चाटत बसली होती, आणि बारवेचं नाव काढलं असतं तर तिला पुन्हा दया दाखवायला जागा मिळाली असती.

"पान्याचं काय घिऊन बसलात, सायेब," गोजरबाई म्हणाली. "हात लागतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि साहेबांनी वहीत लिहून घेतलं. आठवड्याभरात बारवेत दगड पडले, वर मुरूम पडला.

महिना झाला असेल. एका सकाळी केशरबाई पदराखाली पातेलं घेऊन गोजरबाईच्या दारात आली. घरी पाहुणे आले होते आणि डाळ काही केल्या शिजत नव्हती.

"तुमी तेवढा हात लावा," ती म्हणाली. "त्या दिशी कच्ची डाळ मी सोता बघितली हुती. तिचं तुमी लोनी केलं."

आयुष्यात पहिल्यांदा केशरबाई तिच्यापुढे वाकली होती, आणि गोजरबाईला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. श्रीमंत निदान न कळता भोपळा होता. आपण कळून झालो, हे तिला महिनाभर झोंबत होतं.

"केशर, पानी बारवंचं हुतं," ती म्हणाली.

केशरबाईने तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिचा चेहरा आंबट झाला.

"शिकवायचं नसंल तर नगा शिकवू, गोजराक्का. पर असं खोटं नगा बोलू. मरताना काय संगं न्यायचाय व्हय हात?"

पातेलं उंबऱ्यावर ठेवून ती निघून गेली. गोजरबाईने ते उचललं आणि चुलीवरच्या आपल्या भगुण्याशेजारी, वैलावर ठेवलं. तिची डाळ सकाळपासून वाजतच होती.