चार पांढरे ठिपके

पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला की सुमंगला उजवा कान दाराकडे वळवायची. डाव्या कानाचा पडदा गाडीच्या दुसऱ्या बिलाच्या वेळी फाटला होता. पहिल्या बिलाला गालावर वळ उठले होते, तिसऱ्याला करंगळी मोडली होती. तिने उंडे घेतले, सासूला, वत्सलाबाईंना, चहा दिला आणि अंगणातल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. चार दिवसांपासून गाडी डिचोलीबाहेरच्या शोरूममध्ये दुरुस्तीला होती. आज ती परत यायची होती.

गाडी लग्नात तिच्या बापाने, विठ्ठलने, दिलेली. त्याने मुळगावच्या खाणीवर तीस वर्षं खनिजाचे ट्रक चालवले होते. पाच वर्षं दुरुस्तीचा खर्चही मुलीच्या माहेरून व्हायचा, असं लग्नाच्या बैठकीत चार वडीलधाऱ्यांनी सुपारी कातरत ठरवलं. त्यामुळे तिचा नवरा सगुण बिल कधी वाचत नसे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणाऱ्याला हलवायाची काळजी कसली? शोरूममधल्या गोकुळदासने ते पहिल्याच खेपेला हेरलं. मग न विचारता दुरुस्त्या वाढत गेल्या आणि बिलं मुळगावला जाऊ लागली; पैसे यायला उशीर झाला की सगुणचा हात सुमंगलावर उठायचा.

खाणी बंद पडेपर्यंत सुमंगला खाणीच्या प्रयोगशाळेत होती. नमुन्यावर आधी खूण करायची, मग निष्कर्ष काढायचा, ही तिथली सवय. पुढच्या खेपेला शॉकअब्सॉर्बर बदलावे लागतील, असं गोकुळदास मागेच म्हणाला होता. म्हणून या वेळी गाडी जाण्याआधी तिने बापाला फोनवर त्यांच्या जागा विचारल्या होत्या, अंगणात गाडीखाली उताणी सरकून चारही शॉकअब्सॉर्बरवर नेलपॉलिशचा एकेक पांढरा ठिपका लावला होता.

सगुण फोन ठेवून बाहेर आला. "चारूय शॉकअब्सॉर्बर बदलल्यात. तुज्या बापायक फोन कर."

"बदलात म्हूण तुमी सांगिल्लें?"

"माका कोणे विचारूंक ना. आनी कित्याक विचारतले? बिल माजें न्हय."

"मागीर हांव फोन करचें ना."

त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिचं कपाळ चौकटीवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. वत्सलाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"दारांत नाका रे, लोक पळयतात. भितर व्हर तिका."

सासऱ्याला फोन शेवटी सगुणनेच केला. सुमंगला मात्र कपाळाला ओला रुमाल बांधून त्याच्या मागोमाग निघाली.

शोरूमच्या काउंटरपाशी विठ्ठल कापडी पिशवी छातीशी धरून उभा होता. लेकीच्या कपाळाकडे त्याने पाहिलं आणि नजर पायांकडे नेली.

"या काका!" गोकुळदास हसला. "तुमी येयनासतना ही गाडी भायर सरना. गाडी जांवयाची, पूण वळख तुमची!"

"काडलेले पोरने शॉकअब्सॉर्बर माका दाखयात," सुमंगला म्हणाली.

"मॅडम, ते भंगारांत गेले."

"तर गाडी वयर उखलात. नवे दाखयात."

"घरा चल," सगुण दात आवळून म्हणाला.

"गाडी वयर उखलात."

थप्पड बसली. गिऱ्हाइकं मोबाइलमध्ये डोकावू लागली. विठ्ठल एक पाऊल पुढे आला आणि थांबला. जावयावर हात उचलायचा नसतो, हे त्याच्या हाडात भिनलेलं होतं. सुमंगला वळली आणि आत वर्कशॉपमध्ये, आपल्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. सगुणने मागून येऊन अवजारांच्या ट्रॉलीवरचा चाकाचा पाना उचलला. तिने डावा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज तिने उजव्या कानाने ऐकला.

दुसऱ्या घावासाठी वर गेलेला पाना विठ्ठलने धरला. ट्रकचं स्टिअरिंग तीस वर्षं धरलेले ते हात. सगुणचं मनगट त्यात पिरगळलं गेलं आणि पाना फरशीवर वाजला.  मग नारायण नावाच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने कोणालाही न विचारता लिफ्टचं बटण दाबलं.

गाडी हळूहळू वर गेली. चिखल सुकलेले तेच जुने शॉकअब्सॉर्बर. त्यांवर चार पांढरे ठिपके, जिथे लावले होते तिथेच.

"काका, चूक जाली," गोकुळदास पुटपुटला. "बिल कमी करतां."

"आयकलें न्हय? बिल कमी जालें!" सगुण मनगट चोळत ओरडला. "भरात आनी सोंपयात!"

विठ्ठलने पिशवी काखेत मारली आणि लेकीला खांद्याशी धरून बाहेर नेलं.

हाताला प्लॅस्टर घालून दुपारी दोघं पोलीस स्टेशनात बसली. हवालदाराने कागद ओढला.

"शोरूमाची तक्रार ग्राहक मंचाक दिवची पडटली. घोवाची हांगा. सांगात, आरोपी म्हूण कोणाचें नांव बरोवं?"

"पयलें म्हजें बरय," विठ्ठल म्हणाला.

"तुमचें? तुमी बापूय न्हय?"

"गाडी हांवें दिली. पयलें बिल भरूंक गेल्लों तेन्ना हिच्या गालार वळ आशिल्ले. हांवें पळयले." त्याने कापडी पिशवी टेबलावर ठेवली. "पळयले, आनी बिल भरलें."

हवालदाराचं पेन हवेतच राहिलं. त्याने सुमंगलाकडे पाहिलं, मुलगी बापाला आवरेल म्हणून.

तिने बापाकडे नीट पाहून घेतलं. मग धड हाताने कागद हवालदाराच्या पुढ्यात सारला.

"बरयात," ती म्हणाली. "तो खरें सांगता."