माझ्या तोंडात कोंबलेलं फडकं

मी एक जुनी घंटा आहे, आणि सध्या माझं डोकं भयंकर तापलेलं आहे. मित्रांनो, शाळा सुटल्याची आनंदाची घंटा वगैरे समजू नका. जिथे देशाचे कायदे होतात, त्या सभागृहाच्या कॅन्टीनमध्ये, दाराच्या वर भिंतीला ठोकलेली विजेची घंटा मी.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. माझी पितळी वाटी थंड झाल्यावर एका म्हाताऱ्या कारागिराने ती कानाशी धरून टिचकी मारली आणि म्हणाला, "हिचा आवाज भिंत फोडून जाईल!" एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

माझं काम तसं सोपं. वर सभागृहात एखाद्या गोष्टीवर मतं घ्यायची ठरली, की तिथला कारकून बटण दाबतो आणि इथे मी खणखणते. मग चहापाण्याला आलेले सभासद हातातला घास टाकून जिना चढतात. मी थांबले की सभागृहाची दारं लागतात. आत असेल त्याचं मत, बाहेर राहिला तो नुसता बघ्या, मग भले तो मंत्री असो. जिन्यावर एकमेकांना काय विचारतात ठाऊक आहे? "कशावर आहे हो मत?" "कशावर का असेना, आपले लोक हात वर करतील तेव्हा आपणही करायचा!" ऐकून मला माझ्याच खणखणाटाची लाज वाटते.

आता मावशींबद्दल सांगते. मावशी आमच्या कॅन्टीनला पाव पुरवतात. भट्टी त्यांची स्वतःची, मदतीला एकटी सून. शहरात पिठाच्या मोठ्या गिरण्या तीन. त्या तिघींनी आतल्या आत संगनमत करून एकच चढा भाव ठरवला. मावशींनी त्याविरुद्ध तक्रार केली, आणि झालं! दुसऱ्या दिवसापासून तिन्ही गिरण्यांनी त्यांना पीठ देणंच बंद केलं. बिचाऱ्या किराणा दुकानांतून पिशव्या गोळा करून भट्टी चालवत होत्या.

अशा लबाडीला कायद्याने बंदी आहे, पण दंड इतका किरकोळ की गिरणीवाले तो हसत हसत भरतात आणि पुन्हा तेच करतात. म्हणून कायदा बदलायचं ठरलं. नव्या कलमात म्हटलं होतं, की जी कंपनी असं संगनमत करेल किंवा कुणाचा माल अडवेल, तिला तिच्या सगळ्या धंद्याच्या हिशेबाने दंड बसेल. त्यावर एका सभासदाने दुरुस्ती सुचवली, की पहिल्या वेळी नुसती ताकीद द्यावी. नुसती ताकीद! ही दुरुस्ती पडली तर मावशींना पीठ मिळणार होतं, पास झाली तर भट्टी विझणार होती.

आठवडाभर वर वाद चालला आणि खाली टेबलांवर त्याचं शेपूट वळवळत राहिलं. एक जाडे सभासद सुपात पाव बुडवत म्हणाले, "अहो, एवढा दंड केला तर कंपन्या बुडतील हो! बिचाऱ्यांनी जायचं कुठे?" पाव मावशींचा, सूप सरकारी, आणि कळवळा कुणाचा, तर गिरणीवाल्यांचा! मला वाटलं, भिंतीवरून निसटून थेट त्यांच्या वाडग्यात पडावं.

मावशींच्या बाजूने जोरात बोलणारे एकच होते, मास्तर. पूर्वी शाळेत शिकवायचे, आता अपक्ष निवडून आलेले. त्यांचे दोन अपक्ष मित्र आणि ते माझ्याच खालच्या टेबलावर बसत. वर सभागृहात ते म्हणाले होते, "पहिली चोरी माफ, असं ठरवलंत तर प्रत्येक चोर एकदा तरी चोरी करून बघेल!" बाकं दणाणली म्हणे.

पण याच मास्तरांनी काय केलं, ऐका. त्या आठवड्यात मला फार वेळा वाजावं लागलं. एकदा मास्तर वैतागले. "अहो मॅनेजर, हिचं तोंड बंद करा बुवा! धड घास गिळू देत नाही. सगळे उठले की आम्हीही उठूच ना!" मॅनेजर स्टुलावर चढला आणि हाताला आलेलं एक फडकं त्याने माझी वाटी आणि तिच्यावर आपटणारा टोला यांच्या मध्ये कोंबलं. सगळे हसले. मास्तरही हसले.

मतदानाच्या दिवशी मोठ्या पक्षांनी आपापल्या माणसांना फोन करून आधीच वर बोलावून घेतलं. अपक्षांना कोण फोन करणार? कॅन्टीनमध्ये उरलं एकच टेबल, मास्तरांचं. तेवढ्यात मावशी पावाची टोपली घेऊन आल्या.

"मास्तर, पीठ आजच्यापुरतंच होतं. सूनबाई म्हणते, भट्टी विझवून टाकूया. आज लागेल ना निकाल?"

"लागेल म्हणजे? लागणारच! घंटा झाली की हा मी गेलोच. आमची तिघांची मतं तुमचीच आहेत. बसा, चहा घ्या आधी."

आणि त्याच क्षणी वर बटण दाबलं गेलं. मी वाजले हो! जीव तोडून वाजले! पण आवाज निघाला तो थप् थप् थप्, गादी झटकल्यासारखा. मास्तर चहात साखर ढवळत होते. माझा संताप संताप झाला.

मावशींनीच वर पाहिलं. "मास्तर, ते काय थपथपतंय?"

मास्तरांना फडकं आठवलं. तिघं धावत सुटले. वर पोचले तेव्हा द्वारपाल कडी लावून उभा होता. "साहेब, दार लागलं. आता मला उघडता यायचं नाही."

दोन मतांनी ती दुरुस्ती मंजूर झाली. दाराबाहेर तिघं उभे होते.

मास्तर खाली आले तेव्हा मावशी खुर्चीवर चढून माझ्या तोंडातलं फडकं ओढत होत्या. त्यांनी ते झटकलं, उलटंपालटं करून पाहिलं. "अगं बाई, हे तर माझं! पाव झाकायचं. कधीची शोधतेय."

"मावशी, चूक झाली. पुढच्या अधिवेशनात आपण नक्की..."

"पुढच्या अधिवेशनापर्यंत भट्टीत काय तुमची भाषणं भाजू?" एवढंच म्हणून त्यांनी फडकं रिकाम्या टोपलीत टाकलं आणि त्या निघून गेल्या.

मित्रांनो, आता मला रोज पुसतात. 'घंटेला हात लावू नये' अशी पाटीही लावली आहे. पण मला चकचकीत राहायचा सोस नाही. माझं मागणं एवढंच आहे, की जी घंटा कानाला टोचते, तिचं तोंड बांधू नका. ती वाजली की उठा, आणि कशासाठी वाजतेय ते जिना चढण्याआधी विचारा. माझा आवाज अजून भिंत फोडून जातो. टेबलावरचा पाव मात्र हल्ली गिरणीवाल्यांच्याच बेकरीतून येतो.