बाहेरचं माणूस एक

मखमलीचं टोक धरून ती मागे मागे सरकत गेली. स्वयंपाकघराच्या ओट्याला पाठ टेकली, तरी दिवाणखान्यातली गुंडाळी संपली नव्हती.

"अजून सात हात आहे गं!" शिवणकामाला येणाऱ्या मावशी तिकडून ओरडल्या.

नाट्यगृहाचा पडदा! आजवर खिडक्यांचे पडदे शिवणाऱ्या तिच्या घराला पहिल्यांदाच रंगमंचाचं काम मिळालं होतं, आणि तेही पंधरा दिवसांत द्यायचं. कापणारी हातात कात्री घेऊन नुसतीच हसत उभी होती.

तेवढ्यात दार वाजलं. नगरपालिकेचा इन्स्पेक्टर. बूट बाहेर काढून, मखमल ओलांडत तो आत आला.

"घरगुती धंद्यात घरचे कितीही चालतात. बाहेरचं माणूस एकच. इथे दोन दिसतात."

"आम्ही पहिल्यापासून तिघीच आहोत."

"या तर नव्या दिसतात. आधी तिसऱ्या कोण होत्या?"

"आई." तिने मखमलीची लव उलटी केली, परत सुलटी केली. "ती घरचीच होती."

इन्स्पेक्टरने चष्मा काढून पुसला. "सोमवारी येतो. तोवर काय ते ठरवा. नाहीतर काम थांबवावं लागेल."

तो गेल्यावर कापणारीने कात्री खाली ठेवली. "मीच जाते. मी नवी."

"आणि कापणार कोण, मी? रंगमंचाला खिडकी पाडीन!" मावशी म्हणाल्या. मग मखमल धरून उभ्या असलेल्या तिच्याकडे वळून, "घरचं व्हायला काय लागतं गं?"

"इथे राहावं लागतं."

"मग राहते सोमवारपर्यंत. घरी माझ्या सुनेचाही जीव भांड्यात पडेल."

सात महिने बंद असलेली आईची खोली तिने उघडली. गादी झटकली, खिडक्या सताड उघडल्या. मखमल घरातल्या मधल्या बोळातून सरळ त्या खोलीत शिरली, पलंगाखालून भिंतीपर्यंत पोहोचली.

"मावला! अख्खा पडदा मावला!" कापणारीने टाळ्या वाजवल्या.

सोमवारी इन्स्पेक्टरने खोलीत डोकावून पाहिलं. खुंटीवर टॉवेल, उशाशी मावशींची औषधं. स्वतः मावशी मागच्या खोलीत मशीन दामटत होत्या. त्यांना बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं.

"दोन घरच्या, एक बाहेरची. झालं." दारात बूट घालताना तो म्हणाला, "आता मी पुन्हा यायचा नाही. आलो तर नाटकालाच."

मशीन थांबलं. थोड्या वेळाने मावशी पिशवी घेऊन बाहेर आल्या.

"गेला ना? संध्याकाळी मीही निघते. सोमवारपर्यंतच ठरलं होतं."

तिने सुईत दोरा ओवायला घेतला. तो जाईना.

"परत येणार म्हणालाय," ती म्हणाली. "कधीही. न सांगता."

मावशींनी कापणारीकडे पाहिलं. मखमल पुढे ओढत कापणारी म्हणाली,

"हो ना. मोठा चिवट दिसतोय मेला."

 मावशींनी पिशवी पुन्हा खोलीत नेऊन ठेवली आणि आतूनच म्हणाल्या,

"मग माझी उशी आणायला हवी. ही फार मऊ आहे."