पंधरावी टाचणी

"कामाचं स्वरूप?" भत्त्याच्या खिडकीतल्या साहेबांनी विचारलं.

"फिटिंग."

"आजार?"

"फिट."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "चेष्टा करायला आलात?"

"नाही साहेब. मी कपड्यांचं फिटिंग करतो आणि मला फिट येते. दोन्ही वेगवेगळ्या वेळी."

तोवर तरी हे खरं होतं.

ताईने मागून पाठीत बोट खुपसलं आणि तिची वही खिडकीतून आत सरकवली. माझ्या प्रत्येक फिटची तारीख, वेळ, मिनिटं त्यात होती. माझ्या आयुष्यातल्या या सर्वांत गाजलेल्या प्रसंगांना मी स्वतः एकदाही हजर नव्हतो. ताईचा मात्र त्या दिवसापर्यंत एकही चुकला नव्हता.

साहेबांनी वही परत केली. "घरच्यांची साक्ष धरत नाहीत. तुम्ही अर्धा दिवसच काम करता ते आजारामुळे, असं मालकाचं पत्र लागेल. सहीशिक्क्यासकट. पाचला खिडकी बंद."

"उद्या आणलं तर?"

"उद्या म्हणजे पुढच्या वर्षी. आज शेवटची तारीख."

सव्वातीन झाले होते. दुकान बारा मिनिटांवर. अडचण एवढीच, की मालकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. गोळ्यांनी दुपारनंतर डोकं बधिर होतं, म्हणून मी चार तासांचंच काम धरलेलं. ते समजायचे मी आळशी आहे. मला 'अर्ध्या' म्हणायचे. मी कधी खोडून काढलं नाही. आळशी माणसाला नोकरीवर ठेवतात. फिट येणाऱ्याला आधीच्या दोन दुकानांनी ठेवलं नव्हतं.

"सांगितलंस तर नोकरी जाईल," ताई म्हणाली.

"नाही सांगितलं तर भत्ता जाईल. नुसत्या चार तासांत आपलं दोघांचं भागतं का?"

तिने विचारलं, "दुपारची गोळी घेतलीस?"

"जेवल्यावर घेणार होतो."

"आणि जेवलास कधी?"

आम्ही सकाळपासून रांगेत होतो.

"मी खिडकी धरून ठेवते. तू पळ. नको, पळू नकोस. चाल. पण भरभर चाल!"

दुकानात मालक एका कोटाशी झटत होते. "काय अर्ध्या, सकाळी बुडवलेला अर्धा दिवस आत्ता द्यायला आलास? आलाच आहेस तर ही बाही धर."

मी मनगटाला टाचण्यांची उशी बांधली. त्यांनी पंधरा टाचण्या मोजून दिल्या. ते नेहमी मोजूनच देतात; गिऱ्हाइकाला टोचली तर दुकानाचं नाव जातं.

"मालक, एक पत्र हवं होतं."

"पगारवाढीचं?"

डाव्या अंगठ्याला मुंग्या आल्या. मग तोंडात लोखंडाची चव. ही चव माझ्या ओळखीची आहे.

"मालक, ती इस्त्री बंद करा."

का, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं.

छत. पंखा. डोक्याखाली कुणी न नेलेल्या चार पँटी. जीभ चावलेली. इस्त्री बंद होती आणि मालक जमिनीवर रांगत होते.

"चौदा सापडल्या," ते म्हणाले. "पंधरावी कुठाय? गिळली नाहीस ना? आ कर."

मी आ केला. त्यांनी मोबाइलचा उजेड पाडून आत पाहिलं.

"किती वेळ चाललं?" मी विचारलं. ताईच्या वहीसाठी.

"मला काय ठाऊक! माझा जन्म गेला त्यात."

मग मी सगळं सांगितलं. ते गल्ल्यामागे जाऊन बसले, पत्र लिहिलं, शिक्का मारला. पत्रात दोन वाक्यं होती. आजारामुळे हा अर्धा दिवसच काम करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आजपासून त्याला कामावरून कमी केलं आहे.

"मालक, दुसरं वाक्य..."

"इथे कात्र्या आहेत. इस्त्री आहे. आत्ता अंगावरनं चौदा टाचण्या वेचल्या तुझ्या. मला परत नाही जमायचं रे." ते मान वर करेनात. "हात चांगला आहे तुझा. बाही तर..."

पाचला पाच कमी असताना मी पोचलो. ताईने खिडकीच्या चौकटीत कोपर रोवलं होतं आणि साहेब तिला ते काढायची विनंती करत होते.

त्यांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. "पहिल्या वाक्याने तुम्ही बसता. दुसऱ्याने उठता. ही खिडकी नोकरीत असलेल्यांची आहे."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"'आजपासून' म्हणजे आज धरून की आज सोडून?" साहेबांनी विचारलं.

"सोडून," ताई ताबडतोब म्हणाली.

"आज काम केलंत?"

"एक बाही धरली होती," मी म्हणालो. "पुरी नाही झाली."

साहेब घड्याळाकडे पाहत राहिले. काटा सरकला. ताईचं कोपर तसंच.

"सुटे कागद घेत नाही आम्ही," शेवटी ते म्हणाले. "टाचून द्या."

ताईने पर्स उपडी केली. रुमाल, गोळ्या, किल्ली. मी शोधायला वाकलो आणि मानेला काहीतरी टोचलं. कॉलरच्या घडीत होती.

मी पंधरावी टाचणी काढली. अर्ज आणि पत्र यांच्या कडा जुळवल्या. बाहीला घालतो तशी सरळ घातली आणि टोक कागदांच्या आत वळवलं.

साहेबांनी कागद आत घेतले आणि टाचणीवरून अंगठा फिरवला. टोचलं नाही.