वरच्या नऊ पट्ट्या

समाधानने पंखा बंद केला, खिडकीच्या फटीत गोधडीचं टोक कोंबलं आणि सिंथवरची उजवीकडून नववी पट्टी दाबून धरली. सूर विरेपर्यंत थांबायचं म्हणून तो मनात आकडे मोजू लागला. आठवर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की विरायला मुळात सूर उमटलाच नव्हता.

त्याने पट्टी पुन्हा दाबली. मग तिच्या शेजारची. मग शेवटपर्यंतच्या सगळ्या. प्लॅस्टिकची खटखट तेवढी ऐकू आली.

सिंथ, म्हणजे हा जुना सिंथेसायझर, अप्पांचा होता. अप्पा निरवांगीचे. त्यांच्या गायन पार्टीची भीमगीतं ऐकायला एके काळी इंदापूर तालुक्यातल्या गावागावांतून माणसं जमत. हे जपानी यंत्र पार्टीने तीस वर्षांपूर्वी पुण्यातून जुनंच विकत आणलं होतं. आता त्याचे सुटे भाग मिळत नव्हते, पडद्यावरची अर्धी अक्षरं काळी पडली होती आणि दर उन्हाळ्यात ते दोन-चार टोन विसरत होतं. ते पुरतं बंद पडायच्या आत त्यातला एकेक सूर लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यायचा, आणि बारा दिवसांवर आलेल्या वैशाख पौर्णिमेच्या कार्यक्रमात तेच आवाज हलक्या कीबोर्डवरून वाजवायचे, असं ठरलं होतं. ही कल्पना समाधानचीच. पार्टीत कीबोर्ड तोच वाजवायचा.

एकेक पट्टी तीनदा नोंदवायची होती. हळू, मध्यम, जोरात. नुसती वायर जोडून काम झालं असतं, पण अप्पांचा आवाज लोकांनी कायम त्यांच्या लाकडी स्पीकरमधूनच ऐकलेला. म्हणून त्याने स्पीकरसमोर माइक उभा केला होता, आणि लॅपटॉपच्या पंख्याची घरघर त्यात येऊ नये म्हणून लॅपटॉप खोलीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, पडदा भिंतीकडे करून ठेवला होता. सकाळपासून नोंद चालूच होती. सत्तावीस नंबरच्या घंटेच्या टोनवर गाडी अडली. नेमकी तीच घंटा महत्त्वाची. अप्पांच्या प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात त्या टोनच्या वरच्या सुरांनी व्हायची, आणि ते वाजले की मांडवातली बोलणी थांबायची.

त्याने मागचे स्क्रू काढले, पट्ट्यांखालचे रबर स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, पुन्हा बसवले. तासभर गेला. वरच्या नऊ पट्ट्या तशाच मुक्या.

त्याने अप्पांना फोन लावला.

"जय भीम अप्पा. घंटेच्या वरच्या नऊ पट्ट्या गेल्यात."

"गेल्यात म्हंजी?"

"वाजत न्हाईत. आतनं जळालं असंल कायतरी."

"परवा तुझ्या ताब्यात दिलं तवा मी सवता वाजवून दिलंय."

"टेम्पोत हादरा बसला असंल."

अप्पा काहीतरी बोलले.

"काय?"

ते पुन्हा बोलले.

"काय म्हणताय, अप्पा?"

"उद्या सकाळी येतो म्हणलं!" अप्पा ओरडले आणि फोन बंद झाला.

समाधान फोनकडे बघत बसला. कळस गावात रेंजचा त्रास होताच. तेवढ्यात बाहेरचं दार आपटलं आणि अंजली, त्याची बायको, खोलीत न डोकावता थेट स्वयंपाकघराकडे धावली. ती अंगणवाडीत सेविका होती. दुपारची मिटिंग आटपून आली होती.

"अवो, कुकर!"

तो उठून गेला. स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. करपल्याचा वास त्यालाही मघापासून येत होता, पण कुणीतरी रानात उसाचं पाचट पेटवलं असेल असं वाटून त्याने लक्ष दिलं नव्हतं.

"चार शिट्ट्यांवर बंद करा म्हणून सांगून गेले व्हते मी."

"झाल्याच न्हाईत. शिट्टीत काय अडकलं असंल."

अंजलीने फडक्याने शिट्टी उचलली, नळाखाली धरली, उजेडाकडे करून आरपार बघितली आणि तोंडाला लावून फुंकली. मग तिने त्याच्याकडे पाहिलं.

"मोकळी हाय," ती म्हणाली.

समाधानने कुकर मोरीवर नेला. करपलेली डाळ त्यानेच घासून काढली. पाणी हातावर घेताना त्याने नळ एकदा मोठा केला, एकदा बारीक केला आणि पुन्हा मोठा केला. गेलं वर्षभर लोक तोंडातल्या तोंडात बोलतात असं त्याला वाटत होतं. लग्नसराईत तो इंदापूरच्या रविराजच्या साउंडच्या गाडीवर वाजवायचा. गाडीवर दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच स्पीकर, आणि मधल्या चार फुटांत तो. वरात संपल्यावर दोन दिवस कानात एक बारीक तार वाजत राहायची. अलीकडे ती तार थांबतच नव्हती. पण तारेची सवय होते.

ऊन उतरल्यावर त्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. दिवसभराची नोंद पडद्यावर एका लांब रेघेसारखी पडली होती. जिथे सूर तिथे उंचवटा, जिथे शांतता तिथे सपाट. तो रेघ सरकवत दुपारपर्यंत आला. वरच्या नऊ पट्ट्यांच्या जागी सपाट रेघ असणार होती.

ती सपाट नव्हती. तिथे नऊ उंचवटे होते. उभे चढणारे, हळूहळू उतरणारे, खालच्या पट्ट्यांसारखेच घाटदार. त्यांच्यामागे त्याने चिडून पुन्हा पुन्हा दाबलेल्या पट्ट्यांचे उंचवटे. आणि मधूनमधून तिसरंच काहीतरी. जाड, खरखरीत, पाचेक सेकंद टिकणारं. समाधानने ते मोजले. अकरा. पहिले चार झाल्यानंतरही ते थांबत नव्हते, आणि शेवटचा उंचवटा संपल्यावर काही क्षणांतच दार आपटल्याची उभी रेघ होती.

त्याने हेडफोन लावला आणि त्या नऊ सुरांवर बोट ठेवलं. आवाज वाढवला. आणखी वाढवला. शेवटी अगदी खाली, पाण्यातून यावं तसं, काहीतरी हललं. सूर नव्हता तो. सूर जिथे असतो ती जागा होती.

अंजली चहा घेऊन आली तेव्हा तिने दारातच डोळे घट्ट मिटले. हेडफोन त्याच्या डोक्यावर होता, तरी बाहेर सांडणारा आवाज तिला टोचला होता.

"कमी करा की," ती म्हणाली. "कान फुटतील."

तिचे ओठ पाहून ते त्याला कळलं.

अप्पा सकाळी नऊलाच आले. सत्तरी ओलांडलेली, पांढरा सदरा, खिशाला पेन. पाणीही न घेता ते सिंथसमोर बसले. समाधान त्यांच्या बाजूला उभा राहिला. अंजली उंबऱ्यावर टेकली.

"काल दुरुस्त केलं मी," समाधान म्हणाला. "बोळ्यानं पुसलं तवा लागलं परत."

अंजलीने मान वर केली.

अप्पांनी सत्तावीस नंबर लावला आणि वरच्या पट्ट्यांवर सुरुवातीची ती ओळ वाजवली. समाधान त्यांच्या बोटांकडे बघत होता. ओळ त्याला पाठ होती. कुठल्या बोटानंतर कुठलं, तेही पाठ होतं. ती संपली तेव्हा त्याने योग्य त्या जागी मान डोलावली.

"झ्याक," तो म्हणाला.

अप्पांनी बोटं मांडीवर घेतली.

"म्हस्कू आठवतो का तुला? आपला ढोलकीवाला?"

"थोडा आठवतो. मी ल्हान व्हतो."

"शेवटच्या वर्षी त्यो सारखा माझ्या तोंडाकडं बघून वाजवायचा. मला वाटायचं, मान देतोय. गडी किती मन लावून ऐकतोय. मग एकदा निमगावला मधीच माझा आवाज बसला. मी गायचा थांबलो, पर खोकत व्हतो, तोंड हलत व्हतं. त्यो वाजवत राहिला. माणसं हसली. त्यानं ढोलकी तितंच ठिवली अन् उतरला. पुना हात लावला न्हाय कशाला."

समाधानच्या कपाळावर घाम आला होता. पंखा चालू करायला तो वळला. बटण दाबून परत आला तरी अप्पा तसेच बसलेले.

"माझं तसं काय न्हाय, अप्पा."

"नसंल तर चांगलंच हाय. बारामतीला कान तपासतात. तपासून ये. कागद घिऊन ये. मग पुनवेचं बघू."

"अन् कागद खराब आला तर?"

हे अंजलीने विचारलं होतं. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग समाधानकडे. उत्तर देताना त्यांनी मान खाली घातली, त्यामुळे ते काय म्हणाले ते समाधानला कळलं नाही. त्याने अंजलीकडे पाहिलं. ती पदराच्या टोकाला गाठ मारत होती.

दुसऱ्या दिवशी दोघं मोटरसायकलवर बारामतीला गेले. दवाखान्यात गर्दी होती. कान तपासणारी मुलगी तिशीची असेल. छातीवरच्या पाटीवर रोहिणी असं नाव होतं. तिने त्याला काचेची खिडकी असलेल्या एका छोट्या खोलीत बसवलं. भिंतींना आतून करडा स्पंज लावला होता. समाधानला स्टुडिओची आठवण झाली आणि जरा धीर आला.

"दादा, एकेका कानात बारीक आवाज येईल," तिने हेडफोन त्याच्या डोक्यावर बसवत मोठ्याने सांगितलं. "कितीही बारीक असला तरी, ऐकू आला की हे बटण दाबायचं. घाई करायची नाही."

जाड दार लागलं. अंजली बाहेर बाकावर बसली होती. तिचा खांदा काचेतून दिसत होता. रोहिणी तिच्या पलीकडे, यंत्रावर वाकलेली.

पहिले आवाज खालच्या पट्टीतले होते. गुबगुबीत, ओळखीचे. समाधानने बटण दाबलं. पुन्हा आवाज, पुन्हा बटण. मग आवाज वर चढला. सा, मग त्याच्या वरचा सा, मग त्याच्याही वरचा. तिथून पुढे कानात तीच एक बारीक तार उरली, जी वर्षभर वाजत होती.

त्याने नजर वर केली. रोहिणीचा उजवा खांदा किंचित खाली गेला. त्याने बटण दाबलं. थोड्या वेळाने खांदा पुन्हा खाली. त्याने दाबलं. तीस वर्षं तो लयीत जगला होता; खांद्याच्या दोन हालचालींमधलं अंतर मोजायला त्याला वेळ लागला नाही. चार मात्रा, कधी सहा, एकदा फसवल्यासारखी आठ. तिला कळू नये म्हणून मधला एखादा त्याने मुद्दाम सोडलाही. पौर्णिमेचा मांडव त्याच्या डोळ्यांसमोर होता. पुढे अप्पा, मागे पार्टी, आणि डाव्या हाताला तो.

मग रोहिणी खुर्चीत मागे सरकली आणि तिचा खांदा खिडकीच्या चौकटीआड गेला. समाधान गडबडला नाही. लय अंगात होती. चार मात्रा, बटण. सहा मात्रा, बटण. पुन्हा चार. एकदा थांबून, ऐकल्यासारखं करून, बटण.

असं बराच वेळ चाललं. नंतर दार उघडलं.

रोहिणीने त्याच्या कानांवरचा हेडफोन अलगद काढला. तिच्यामागे अंजली येऊन उभी होती. रोहिणी त्याच्या समोर, तोंड नीट दिसेल अशी बसली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली.

"दादा, गेली दोन मिनिटं मी काहीच वाजवलेलं नाही."

समाधानचा अंगठा अजून बटणावर होता. त्याने तो उचलला नाही. खोलीत इतकी शांतता होती की त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि ती तार.

"कुठवर बरोबर व्हतं?" त्याने विचारलं.

"सुरुवातीचे. मग तुम्ही माझ्याकडं बघायला लागलात."

अंजली पुढे आली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. समाधान खुर्चीवर सावरून बसला. त्याने खुर्ची काचेकडून भिंतीकडे वळवली, हेडफोन स्वतःच्या हाताने पुन्हा कानांवर चढवला आणि डोळे मिटले.

"परत घ्या," तो म्हणाला. "पहिल्यापासनं."

दार लागलं. खालचे सूर आले, त्याने ते घेतले. मग ते चढू लागले. अंजलीला आता बाकावर बसवेना. ती रोहिणीच्या मागे यंत्राशी उभी राहिली. काचेतून त्याची अर्धी पाठ दिसत होती आणि मांडीवरचा हात. रोहिणी एकामागून एक कळ दाबत होती, आवाज वाढवत होती, वाट बघत होती. सूर सुटल्याचं सांगणारा यंत्रावरचा छोटा हिरवा दिवा दर वेळी लागत होता. समाधानचा अंगठा हलत नव्हता.