तोंडपाठ इतिहास

"डूगल, तलवार बाजूला घे. बटाट्यात जातेय," इशबेल म्हणाली.

मी तलवार बाजूला घेतली. किर्कब्रे गावच्या मेसन लॉजचा, म्हणजे फ्रीमेसन बंधूंच्या गुप्त मंडळाचा, मी पहारेकरी. सभा चालू असताना दाराबाहेर नंगी तलवार घेऊन उभं राहायचं आणि आतलं अवाक्षर परक्याच्या कानावर पडू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. आता दाराला लागूनच स्वयंपाकघर आहे आणि तिथे सभासदांच्या बायका जेवण रांधतात, त्याला मी काय करणार? आत पुरुष विधीचे ॲप्रन बांधून गंभीर बसलेले असतात आणि बाहेर बायका ॲप्रन बांधून कामं उपसत असतात. एकवीस वर्षांत त्या तलवारीने मी एक केक तेवढा कापला आहे.

त्या शनिवारी लॉजला दीडशे वर्षं होत होती. दर वर्धापनदिनी लॉजचा इतिहास कागदावरून वाचायचा नाही, तोंडपाठ सांगायचा, असा आमच्याकडे दंडक. तो मान तीस वर्षं इशबेलच्या नवऱ्याचा, आर्चीचा. जन्मभर गावचे पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या या माणसाला एरवी कुणी काही विचारत नसे. त्या दिवशी मात्र डॉक्टरसुद्धा मान खाली घालून त्याचं ऐकत. पण हल्ली आर्ची फार विसरायला लागला होता. नवे अध्यक्ष गिलख्रिस्ट यांनी सांगूनच टाकलं होतं, या वेळी अडखळला तर पुढच्या वर्षीपासून ते स्वतः कागद वाचतील.

"आठवडाभर घोकतोय," इशबेल म्हणाली. "काल चहा मागताना मला 'बंधुवर्य' म्हणाला."

आतून आर्चीचा आवाज येऊ लागला. सहा पाथरवट आणि एक न्हावी, सराईच्या मागच्या खोलीतली पहिली सभा, सगळं बिनचूक. मग आगीचं वर्ष आलं.

"सभागृह जळत होतं, आणि आपली सनद वाचवली ती... वाचवली ती..."

पुढे काहीच येईना. आत कुणीतरी खोकलं. इशबेलचा सुरा बटाट्यातच थांबला. मला तिच्याकडे बघवेना. ताटं आत सरकवायला भिंतीत एक खिडकी आहे. सभा चालू असताना ती बंद ठेवायची, हे तर मी शपथेवर कबूल केलेलं. मी तलवारीच्या टोकाने ती वर ढकलली.

इशबेलने माझ्याकडे पाहिलं. मग ती शेजारी गाजरं चिरणाऱ्या मॉरागवर कडाडली, "काय गं मॉराग, तो टॅम लॉरिमर बेकरीवाला सनद पावाच्या कणकेत लपवून मागच्या दाराने पळाला होता ना?"

मॉराग बिचारी दचकून हो म्हणाली.

"टॅम लॉरिमर," आत आर्ची म्हणाला, आणि गाडी जी सुटली ती थेट चालू सालापर्यंत.

जेवताना गिलख्रिस्ट त्या खिडकीकडे बराच वेळ बघत होते. शेवटी ते म्हणाले, "पुढच्या वर्षी आर्चीची खुर्ची त्या खिडकीला लागून ठेवा. या वयात हवा खेळती बरी."

सगळे पांगल्यावर मी कुलूप लावत होतो. पुढे कोपऱ्यावर आर्ची थांबला होता, कोटावर बिल्ला, छाती पुढे. त्याचं घर डावीकडे आहे आणि तो उजवीकडे बघत होता. इशबेलने त्याच्या हातात हात अडकवला आणि त्याला डावीकडे वळवलं. मग ती अर्धं पाऊल मागे राहिली, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, तोच तिला घरी नेतोय.